बाळाचा खोटा हात

"मावशी, राधेच्या गालावर तेलाचा डाग पडलाय. लिंबू चोळून बघू का?"

असे फोन मला दिवाळीनंतर हमखास येतात. "लिंबू नको! हातसुद्धा लावू नका, मी शनिवारी येते," असं ओरडूनच मी फोन ठेवते. अमेरिकेतल्या आमच्या वेस्ट विंडसरपासून तासाभराच्या टापूत जितकी देवळं आहेत, त्या सगळ्यांकडे माझा नंबर आहे. तिथल्या मूर्ती पांढऱ्याशुभ्र संगमरवराच्या, आणि भक्तांना सवय घरच्या पितळी देवांची. त्यामुळे चिंच-लिंबू घेऊन घासायला सगळे एका पायावर तयार. संगमरवर दिसतो टणक, पण आंबट लागलं की तो झिजतो आणि तेल लागलं की पितो. प्यालेलं तेल वरून पुसून जात नाही, ते ओढून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी आम्ही चक्क पोटीस बांधतो. कागदाचा लगदा, पांढरी माती आणि तेल विरघळवणारं द्रावण कालवायचं, डागावर थापायचं, वरून प्लास्टिक लावायचं आणि चार दिवस तिकडे बघायचं नाही. गालाला पोटीस बांधलेली राधा बघून एका छोट्या मुलीनं मला विचारलं होतं, "आंटी, इज शी सिक? कृष्णा इज नॉट इव्हन लुकिंग ॲट हर!" मला फार आवडली ती मुलगी.

हा माझा धंदा. जुन्या दगडी मूर्तींची निगा राखायची, त्यांचे डाग काढायचे, तुटलेलं जोडायचं. देवळांचं काम मी हौसेनं करते. नोकरी मात्र शहरातल्या एका मोठ्या संग्रहालयात केली, आणि गेल्या वर्षी तिथून निवृत्त झाले. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझीच लाज थोडी जास्त आहे.

बाहेरची माणसंही कधीकधी आमच्याकडे वस्तू घेऊन यायची. एकदा एक वयस्कर गृहस्थ आपल्या दिवंगत पत्नीचा अर्धपुतळा घेऊन आले. नाकाचा टवका उडाला होता, तो मी बसवून दिला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आता हिला जरा हसवता येईल का? ती सारखी हसायची. ज्यानं केलं त्याला ते जमलं नाही."

मी म्हटलं, "सॉरी, मी मूर्तिकार नाही."

हे वाक्य मी नोकरीत कितीदा बोलले असेन, आणि दर वेळी ते मला बोचलं. कारण मी शिकले होते ती मूर्तिकलाच. मुंबईच्या कला महाविद्यालयात पाच वर्षं दगड फोडला होता. हात चांगला होता, पण एक खोड होती. आमचे सर मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "नीलिमा, सोड आता त्याला. गुदमरला तो." मला थांबता यायचं नाही. नाक छान जमलं की आणखी छान करायला जायची आणि घालवून बसायची. मग लग्न झालं, हेमंतबरोबर अमेरिकेत आले. दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये दगड फोडायला कोण देतो? पुन्हा शिकले, पण दुसऱ्यांनी केलेलं सांभाळायला. आमच्या व्यवसायातली माणसं जुन्या कलाकारांबद्दल आदरानं बोलतात. मलाही आदर आहे, पण त्याच्या आधी पोटात आग पडते. चांगली मूर्ती समोर आली की पहिला विचार हाच येतो की हे मी का नाही केलं.

ती आग सगळ्यात जास्त पेटवली ती एका मेरीनं.

एका जुन्या श्रीमंत घराण्याकडून ती संगमरवरी मूर्ती संग्रहालयाला भेट आली. इटलीतली, सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वीची, कर्ता अज्ञात. बसलेली आई, मांडीवर उभं राहू बघणारं बाळ, उंची जेमतेम माझ्या कमरेएवढी. कित्येक वर्षं शेकोटीच्या वर ठेवलेली असल्यामुळे चहाच्या किटलीसारखी काळवंडली होती. आमच्या विभागात तिला ठेवून सगळे निघून गेले आणि मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

आधी मी मागून बघते. ही मूर्ती कोनाड्यात ठेवायला केलेली, त्यामुळे पाठ कुणाला दिसणार नव्हती. तिथे त्यानं पॉलिश केलंच नव्हतं. दातेरी छिन्नीचे ओरखडे तसेच होते, शेतात नांगर फिरवल्यासारखे, एका लयीत. त्या ओरखड्यांत कुठेही अडखळणं नाही. मग पुढे आले. मी महिनोन्‌महिने ती काजळी काढली. कापसाचा छोटा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलकेच फिरवायचा. हो, थुंकीनं. थुंकीत मळ सोडवणारी द्रव्यं असतात, ती गरम असते आणि फुकट असते. जगभरात आम्ही सगळे हेच करतो, फक्त पाहुण्यांना सांगत नाही.

काजळी निघत गेली तसतसा तो माणूस मला दिसत गेला. गालाची त्वचा त्यानं इतकी घोटली होती की ती ओलसर वाटायची, आणि लगेच शेजारचे केस कानशीनं नुसते खरवडून सोडून दिले होते. त्या खरखरीत केसांमुळेच गाल मऊ दिसत होता. बाळाचा पाय आईच्या मनगटावर रोवलेला होता. टाचेखाली मनगटाचं मांस किंचित दबलेलं. दगडात! मी बोट फिरवून बघितलं, तिथे खरोखरच खळगा होता. डोक्यावरून खांद्यावर आलेलं वस्त्र, ज्याला मी मनातल्या मनात पदरच म्हणायची, ते कडेला इतकं पातळ केलेलं की मागून टॉर्च धरला तर उजेड आरपार यायचा. आणखी दोनदा हत्यार मारलं असतं तर ती कड तुटली असती. तो बरोबर तिथे थांबला होता. मला आयुष्यभर जे जमलं नाही ते त्यानं केलं होतं, आणि त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे धड शिव्याही देता येत नव्हत्या.

रोज घरी येऊन जेवताना मी हे सगळं हेमंतला सांगायची. हेमंत मूळचा नागपूरचा, एका औषध कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता. तो ताटात बघून जेवायचा, मध्ये "हं" म्हणायचा, आणि मी समजायची की हा मनात सर्व्हरच दुरुस्त करतोय. तीस वर्षं मी दगडाबद्दल बोलत होते आणि तीस वर्षं तो "हं" म्हणत होता.

मेरी दालनात ठेवली गेली त्याच सुमारास हेमंत निवृत्त झाला. दोन महिन्यांत त्यानं गॅरेज तीनदा आवरलं आणि माझे मसाल्याचे डबे नावांच्या चिठ्ठ्या लावून रांगेत उभे केले. मीच म्हटलं, "अरे, आमच्याकडे व्हॉलंटिअर गाइड घेतात. ट्रेनिंग देतात. जा ना!" तो गेला. मला वाटलं, नाण्यांच्या दालनात उभा राहील, वेळ जाईल.

त्यानं मेरी निवडली.

पहिल्यांदा मला कळलं ते कॅरलकडून. कॅरल आमची क्युरेटर, म्हणजे कुठली मूर्ती कुठे, कशी ठेवायची हे ठरवणारी. एकदा कॉफी घेताना म्हणाली, "नीलिमा, तुझा नवरा भन्नाट आहे. तू इतकी वर्षं त्याला लपवून का ठेवलंस?" मी हसले. दुसऱ्या दिवशी मी त्या दालनात गेले आणि एका खांबामागे उभी राहिले.

वीस-पंचवीस माणसं जमली होती. हेमंत हात मागे बांधून उभा होता, हळू बोलत होता, आणि कुणी फोन बघत नव्हतं. त्यानं थुंकीची गोष्ट सांगितली. "द मदर ऑफ गॉड वॉज क्लीन्ड विथ सम लेडीज स्पिट," असं म्हणून तो थांबला, लोक हसले. सम लेडी! मग खरखरीत केस आणि मऊ गाल. मग पाठीवरचे नांगरासारखे ओरखडे. नांगर हा शब्दसुद्धा माझा होता. मी त्या पाठीसमोर कित्येक दुपारी एकटी बसले होते, आणि ह्यानं ती प्रसादासारखी वाटून टाकली.

मग तो बाळाच्या हाताकडे वळला. बाळाचा उजवा हात वर उचललेला, बोटं आईच्या हनुवटीला लागलेली. हेमंत म्हणाला, "माझी मुलगी दीड-दोन वर्षांची होती. मी घरी येऊनही कॉम्प्युटरसमोर बसायचो. ती यायची, मांडीवर चढायची आणि माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवायची. काही बोलायची नाही. नुसती धरून ठेवायची. या माणसानंही असं मूल बघितलेलं आहे."

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोळे पुसले.

 आमची ऋचा असं करायची हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षांत मी संध्याकाळचे क्लास करत होते, ती झोपल्यावर घरी यायची. माझी हनुवटी तिनं कधी धरली नव्हती. आणि ही गोष्ट मला माझ्या नवऱ्याकडून, वीस-पंचवीस अनोळखी माणसांबरोबर उभं राहून ऐकावी लागली. मला त्याचा भयंकर राग आला. माझी मूर्ती, माझे शब्द, आणि वर मुलगीही त्याचीच.

घरी येऊन मी ऋचाला फोन केला. ती सांता क्लाराला असते. मी थोडं चढ्या आवाजातच सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबा इज सो हॅपी. जस्ट लेट हिम हॅव इट, यार." आईला यार म्हणणारी ही मुलगी बापाची हनुवटी धरायची!

त्यानंतर दोन वर्षं हे चाललं. शनिवारी त्याच्या गटासाठी आधीपासून नावं नोंदवावी लागत. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका मला सांगायच्या, "काकू, काकांनी आम्हाला ती मेरी दाखवली. तुम्ही बघितलीय का हो ती?" मी म्हणायची, "हो, एकदा-दोनदा."

आणि मीही खांबामागे जात राहिले. का, ते मला सांगता येणार नाही. दुखऱ्या दातावर जीभ जाते तसंच असावं. तो हनुवटीच्या गोष्टीशी आला की मला लोकांचे चेहरे बघवत नसत, म्हणून मी नजर बाळाच्या मनगटावर रोखून धरायची. अशीच एके दिवशी मला तिथे मोहरीएवढा तपकिरी ठिपका दिसला.

तो गंज होता. बाळाचं मनगट कधीतरी जोडलेलं आहे हे मला आधीपासून माहीत होतं. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चिकटवायची लाख नारिंगी चमकते, आणि त्या मनगटाभोवती बांगडीसारखी नारिंगी रेघ दिसली होती. हाताखाली, गळ्याशी, पदराच्या कडेवर थोडं जुनं भरणही होतं. पण ते सगळं भक्कम होतं, आणि भक्कम जुनी डागडुजी उगाच उकरायची नाही असा आमचा नियम आहे. मी समजले होते की तुटलेला हात कुणीतरी पूर्वी लाखेनं परत चिकटवला असेल. गंजाचा ठिपका म्हणजे आत लोखंडाची खीळ आहे. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलं की आतून दगड फोडतं. हात काढावाच लागणार होता.

मेरी पुन्हा माझ्या टेबलावर आली. हेमंत म्हणाला, "लवकर दे हां परत." जणू मी शेजारीण, आणि मूर्ती त्यानं उसनी दिलेली.

अल्कोहोलनं लाख सुटते. मी दोन दिवस हळूहळू ती भिजवली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी हात माझ्या तळव्यात आला. उलटा करून बघितला आणि मी उठून दार लावून घेतलं.

तुटलेल्या दगडाची दोन्ही तोंडं एकमेकांत बसतात, तुटक्या बिस्किटासारखी. ही बसत नव्हती. बाळाचं मनगट कुणीतरी करवतीनं सपाट कापलं होतं आणि त्यावर नवा हात बसवला होता. हात त्या बाळाचा नव्हताच. नंतर कधीतरी, बहुधा शे-दीडशे वर्षांपूर्वी, कुणा कारागिरानं तो नवा करून लावला होता. छान केला होता, गोड होता. पण खोटा होता.

मी तो हात मऊ कापडावर ठेवला आणि मला जे वाटलं ते तसंच सांगते. मला आनंद झाला. लहान मुलाला होतो तसा, पोटातून. हनुवटी गेली!

मग गळ्याजवळचं ते जुनं भरण काढायला घेतलं, कारण हात निघाल्यावर ते हलायला लागलं होतं. लाकडी काडीनं कणाकणानं खरवडत होते. आत काहीतरी गुळगुळीत लागलं. भिंग लावलं. एक नख होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. त्याच्या शेजारी दुसरं, मग तिसरं. तीन बोटांची टोकं, आणि ती आईच्या पदराची कड मुठीत धरून ओढत होती.

मूळ हात वर गेलाच नव्हता. तो खाली, गळ्याशी पदर धरून होता. बाळाचं अंग बाहेरच्या बाजूला झुकलेलं, तोंड बाहेर, त्याला मांडीवरून उतरून जायचंय, आणि तरी मुठीत आईचा पदर घट्ट आहे. पदराच्या ज्या चुण्या मी नुसती सजावट समजत होते, त्या सगळ्या त्या मुठीकडे धावत होत्या. आईची मान तिरकी का होती ते मला पहिल्यांदाच कळलं. ती ओढली जात होती. कारागिराला तुटक्या बोटांचं काय करावं सुचलं नसेल, त्यानं ती बुजवली आणि लोकांना आवडेल असा हात वर लावला.

मी टॉर्च तिरका धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. त्या अनाम माणसाचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता. तीन नखं, आणि त्यात सगळं मूल.

संध्याकाळी हेमंतनं वाढून घेता घेता विचारलं, "काय झालं आज?"

"काही नाही," मी म्हटलं. "खीळ निघतेय."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी जेवताना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. कॅरलला मी दाखवलं, तिला ते सांगणं भागच होतं. पण तिला म्हटलं, "सध्या गाइड लोकांना नको. काम पूर्ण होऊ दे." तिनं भुवई उचलली, पण ठीक म्हणाली. हेमंत मात्र रोज माझ्याकडे बघायचा. एकदा त्यानं "हं?" असं प्रश्नार्थक म्हणून बघितलं. मी भात कालवत राहिले.

मग ठरवायची वेळ आली. नवा हात स्टीलच्या खिळीवर परत बसवायचा की काढून ठेवायचा? कॅरलच्या खोलीत बैठक होती. ती म्हणाली, "हात लोकांचा लाडका आहे. आणि खरं सांगू? हेमंत आमचा बेस्ट गाइड आहे. हात गेला तर त्याचं हृदय फुटेल. तुझं मत काय?"

बेस्ट गाइड हे शब्द मला लागले.  स्वतःला विचारलं, हात काढा असं मी दगडासाठी म्हणणार आहे की हेमंतच्या त्या शनिवारच्या गर्दीच्या रागानं? उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. मी म्हटलं, "हात परत लावला तर ती तीन बोटं पुन्हा झाकली जातील. काढून ठेवू या." कॅरलनं मान हलवली. ठरलं.

त्या दिवशी हेमंत मला स्टेशनवर घ्यायला आला होता. प्रिन्स्टन जंक्शनच्या पार्किंग लॉटमधून गाडी बाहेर निघायच्या आत मी सांगून टाकलं. त्यानं गाडी तिथेच थांबवली.

"म्हणजे हनुवटीचं सगळं... मी दोन वर्षं लोकांना काय सांगत होतो?"

"तुला कसं कळणार होतं? मलाच माहीत नव्हतं."

"आणि ही बोटं. कधी सापडली?"

"झाले थोडे आठवडे."

तो माझ्याकडे वळला. "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"का?"

"कारण तू ते शनिवारी सांगितलं असतंस. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतंस. मला थोडे दिवस ते माझं एकटीचं हवं होतं."

 मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मग ती वळसा घालून गेली. मग हेमंत म्हणाला, "नीलू, तुला वाटतं मी ट्रेनिंगमध्ये शिकलो हे? त्यांनी आम्हाला टॉयलेट कुठे आहेत ते शिकवलं. मी जे बोलतो ते सगळं तू बोललेलं आहे. देवळातल्या राधेची पोटीस, त्या म्हाताऱ्याला बायको हसवून हवी होती ते, तुझे सर 'गुदमरला तो' म्हणायचे ते. सगळं. मी जेवताना ऐकत नव्हतो असं वाटलं तुला?"

"तू 'हं' म्हणायचास!"

"मग काय म्हणणार? मला दगडातलं काय कळतं? मी ऐकत होतो. गेले काही आठवडे तू बोलत नाहीस, तर मला घास गिळवत नाहीये."

मला वाटतं मी रडले असते, पण तेवढ्यात पार्किंगचा माणूस येऊन काचेवर टकटक करून गेला. आम्ही घरी आलो. हेमंतनं खिचडी केली. मी त्याला तीन नखांची गोष्ट सांगितली, सुरुवातीपासून, आणि तो नेहमीसारखा ताटात बघून ऐकत राहिला.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. मी परवानगी घेऊन त्याला आमच्या विभागात नेलं. दिवे मालवले आणि टॉर्च तिरका धरला. "ही बघ. ही, ही आणि ही."

तो वाकला. चष्मा काढला, परत घातला. ती तीन बोटं बघितली आणि मग पदराच्या चुणीवरून त्याची नजर हळूहळू आईच्या हाताकडे गेली. तिचा उजवा हात छातीशी पदर धरून आहे. सगळ्या पुस्तकांत अशा हाताला मर्यादा म्हणतात, लज्जा म्हणतात. मीही तेच म्हणत आले होते. त्या अंगठ्यावरून मी कित्येक दिवस बोळा फिरवला होता.

हेमंत त्या अंगठ्याजवळ आणखी वाकला. मग म्हणाला, "अगं, ही ढील देतेय."

"काय?"

"ढील. पतंगाला देतात ना. बघ, मूल ओढतंय तिथपासून तिच्या अंगठ्यापर्यंत पदर सैल आहे. आणि अंगठ्याच्या पलीकडे ताठ. तिनं धरून नाही ठेवलेला. अंगठ्यानं पुढे सोडतेय. जा म्हणतेय त्याला, पण एकदम नाही."

मी टॉर्च अंगठ्यावर नेला. पलीकडची चुणी तारेसारखी ताणलेली होती आणि अलीकडची झोळीसारखी सैल. अंगठ्याचं पेर पुढे सरकलेलं होतं, त्याच्या खाली कापड किंचित गोळा झालं होतं. मी तो गोळा साफ केला होता. माझ्या थुंकीनं. आणि मला तो दिसला नव्हता.

पुन्हा पोटात आग पडली, चांगली मोठी. पण या वेळी मला हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, आणि डोळे पुसायला मी टॉर्च खाली केला तेव्हा हेमंतनं माझं मनगट धरून तो परत अंगठ्यावर नेला. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. नागपूरच्या कुठल्यातरी गच्चीवर संक्रांतीला मांजा सोडणारा एक मुलगा आणि इटलीतला तो नाव नसलेला माणूस, दोघांना एकच गोष्ट ठाऊक होती, आणि मला ठाऊक नव्हती.

मेरी हाताशिवाय परत दालनात गेली. पहिल्या शनिवारी मी खांबामागे न राहता गटात उभी राहिले. हेमंतनं सांगितलं की इथे एक हात होता, तो खोटा निघाला, आणि तो स्वतः दोन वर्षं त्यावर भाषण देत होता. लोक हसले. तीन बोटं कुणाला सापडली तेही त्यानं सांगितलं, नाव घेऊन, आणि माझ्याकडे हात केला. सगळे वळले. मी कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघितलं. मग तो पदराच्या चुण्यांवरून आईच्या हातापर्यंत आला. आता अंगठा, असं मी मनात म्हटलं. तो तिथे थांबला, एक श्वास घेतला, आणि सगळ्यांना पुढच्या दालनात घेऊन गेला.

परतताना गाडीत मी विचारलं, "अंगठ्याचं का नाही सांगितलंस?"

"ढील इंग्रजीत कशी सांगू?"

"स्लॅक म्हण. लेटिंग आउट म्हण. तुला शब्द सुचत नाहीत होय!"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तू तुझी बोटं किती दिवस स्वतःजवळ ठेवलीस? अंगठा मी ठेवणार."

आणि त्यानं तो ठेवला आहे. गेली काही वर्षं दर शनिवारी तो आईच्या हातापर्यंत येतो, श्वास घेतो आणि पुढे जातो. कॅरलला त्यानं सांगितलं नाही, ऋचालाही नाही. कुणी विचारलंच तर "ब्युटिफुल हँड" एवढंच म्हणतो आणि माझ्याकडे बघून गालात हसतो. मला ते हसणं अजिबात सहन होत नाही.

म्हणून मी ते इथे लिहून टाकलं. त्याला अजून माहीत नाही.